न केलेल्या पापांचा हिशेब

जुन्या ख्रिस्ती भक्तिलेखनात कृपेविषयी वाचू लागले की आधी थोडा कंटाळाच येतो, कारण कृपेचे गोड वर्णन मिळेल या अपेक्षेने पुस्तक उघडावे, तर लेखक पानेच्या पाने स्वतःच्या अपराधांची उजळणी करीत बसलेला असतो. संत ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस आपला ‘कबुलीजबाब’ लिहायला घेतला. त्यात सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर रात्री केलेल्या नासपतीच्या चोरीचा त्याने इतका काथ्याकूट केला आहे, की दुसऱ्याच्या कुळागरातले पेरू पळवून मोठे झालेल्या आम्हा गोंयकारांना हसू यावे. ती फळे ना दिसायला चांगली, ना चवीला. बहुतेक डुकरांपुढेच टाकली. मग चोरी कशासाठी, तर निव्वळ चोरीच्या मौजेसाठी, हे तो स्वतःच सांगतो.

पण याच चोरीच्या ओघात तो जे बोलून जातो, तिथे मी दर वेळी अडतो. घडलेल्या पापांची क्षमा मिळाली ही देवाची कृपा, हे कोणीही म्हणेल. जी पापे आपल्या हातून घडलीच नाहीत, तीही कृपेच्याच खाती जमा धरावीत, असे ऑगस्टीन म्हणतो. हे पचायला जड आहे. आपण लाच खाल्ली नाही, कोणाची जमीन लाटली नाही, याचे श्रेय आपल्या संस्कारांना देऊन आपण तसे करणाऱ्यांकडे तुच्छतेने पाहत असतो. ती सोयच इथे संपते. ‘तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळ दे, मग हवी ती आज्ञा कर’ अशा आशयाची त्याची प्रार्थना रोममध्ये ऐकून पेलॅजियस नावाचा तपस्वी संतापला होता. सगळे देवानेच द्यायचे, तर माणसाने करायचे काय? चर्चने पुढे पेलॅजियसला पाखंडी ठरवले खरे, तरी माझे निम्मे मत अजून त्याच्याच पारड्यात आहे.

जुन्या गोव्यातल्या टेकडीवर जांभ्या दगडाचा जो भग्न मनोरा उभा आहे, तो याच ऑगस्टीनचे नाव घेणाऱ्या संघाचा. १६०२ साली पूर्ण झालेले तिथले चर्च कृपामातेला अर्पण केलेले होते. १८३५ मध्ये धर्मसंघांना घालवून दिले, १८४२ मध्ये छत कोसळले, आणि आता तिथे फोटो काढणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ते मूळ नाव ठाऊक असते.

आपल्या भाषेत हा विषय वाचायला मात्र गोव्यातल्या साष्टी तालुक्याबाहेर जायला नको. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये तिथल्याच राशोलला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभीच तो देवाला ‘कृपानिधि करुणाकरु’ म्हणून नमन करतो, तेव्हा देवळातल्या भजनाला सरावलेल्या कानाला काही परके वाटत नाही. ऑगस्टीन वाद घालतो, म्हणून तो डोके ताजे असताना वाचावा. स्टीफन्स मोठ्यानेच वाचावा, कारण ओवीचा चौथा, आखूड चरण आवाजात नीट उतरल्याशिवाय पुढची ओवी घेववत नाही, आणि या चालीने दिवसाकाठी अर्धा सर्ग झाला तरी खूप झाला.