फ्राइज काळ्या पडल्या तर तेलाआधी बटाटा तपासा

नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या बहुतेक कॅफेंत फ्राइज ठरलेल्याच. त्या काळपट निघाल्या की पहिला राग तेलावर निघतो. तेल बदललं जातं, पुढची खेप तशीच निघते, मग तळणाऱ्या पोऱ्याला बोलणी बसतात. घरी कापून केलेल्या फ्राइजबाबत तर दोष बहुतेक वेळा बटाट्याचाच असतो, आणि तो नेमका कुठला हे फ्राइजची काडी बघून कळतं.

सगळी काडी एकसारखी तपकिरी झाली तर बटाटा फार थंड कोल्ड स्टोरेजमध्ये राहिलेला आहे. खायच्या आणि बियाण्याच्या बटाट्याला कोंब येऊ नयेत म्हणून तो २ ते ४ अंशांवर ठेवतात. त्या थंडीत स्टार्चचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. तळताना ही साखर बटाट्यातल्या अमिनो आम्लांशी जुळते, रंग चढतो, कडवटपणा येतो आणि अ‍ॅक्रिलामाइड हे अपायकारक रसायनही वाढतं. म्हणून कारखान्यात प्रक्रियेला जाणारा बटाटा १० ते १२ अंशांवर ठेवतात आणि कोंब रोखायला वेगळं औषध वापरतात. भाजीला गोडसर लागणारा बटाटा फ्राइजला घेऊच नये. घेतलाच असेल तर १५ ते २० अंशांवर, अंधारात, दोन-तीन आठवडे ठेवा. साखर बरीच उतरते, सगळी नाही. आणि खूप जुना, सुरकुतलेला माल असेल तर या उपायानेही सुधारत नाही.

फक्त एक टोक काळं पडलं तर गोष्ट वेगळी. हा शेतातला दोष. कंद पोसताना उष्णता वाढली किंवा पाण्याचा ताण बसला की देठाकडच्या टोकात साखर साठते. ती नंतर कशानेही निघत नाही, ते टोक कापून टाकणं एवढंच हातात. काडी तपकिरी न होता करडी-निळसर पडली तर साखरेचा संबंध नाही. बटाट्यातलं लोह आणि क्लोरोजेनिक आम्ल यांचा तो रंग. कारखान्यात त्यासाठी सोडियम अ‍ॅसिड पायरोफॉस्फेटच्या सौम्य द्रावणातून काड्या काढतात.

मार्केटमध्ये इंदूर, आग्रा, तळेगाव अशा नावांनी बटाटा विकला जातो. त्यावरून माल कुठला ते कळतं, जात कळत नाही आणि फ्राइज कशी होईल तेही कळत नाही. त्यासाठी दोन चाचण्या घरच्या घरी होतात. १० लिटर पाण्यात सव्वा किलो मीठ पूर्ण विरघळवा. त्या पाण्याची घनता साधारण १.०८ होते. बटाटे धुऊन, पुसून त्यात सोडा. बुडाले तर कोरडा अंश २० टक्क्यांच्या आसपास किंवा वर आहे, काडी आतून पिठूळ आणि बाहेरून कुरकुरीत होईल. तरंगले तर त्यात पाणी जास्त, काडी लिबलिबीत होणार आणि तेलही जास्त पिणार. तो कट्टा भाजीला ठेवा. दुसरी चाचणी साखरेची. लघवीतली साखर तपासायची पट्टी मेडिकलमध्ये मिळते, ती ताज्या कापावर दाबा. पट्टीला फक्त ग्लुकोज कळतं, पण गडद रंग आला तर तो माल तळायला नको एवढं नक्की ठरतं.

मोठ्या कंपन्या हीच तपासणी गाडी गेटवर आली की करतात, आणि न जमलेली गाडी परत जाते. म्हणून या धंद्यात टिकलेली घराणी कारखान्याइतकंच लक्ष बियाण्याकडे देतात. कॅनडात न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्लोरेन्सव्हिल या छोट्या गावात हॅरिसन आणि वॉलेस मॅकेन या भावांनी १९५७ साली फ्रोझन फ्राइजचा कारखाना सुरू केला. वडिलांचा व्यवसाय बियाण्याचे बटाटे निर्यात करण्याचा होता, म्हणजे कुठली जात कुठल्या मातीत कशी वागते ही माहिती घरातच होती. पुढे वारस कोण यावरून दोघा भावांत बिनसलं, वॉलेस बाजूला झाले. कंपनी मात्र कुटुंबाकडेच राहिली. तिचा भारतातला कारखाना गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात आहे.

नाशिकला असा कारखाना का नाही, हा प्रश्न इथे हमखास निघतो. निफाडची थंडी बटाट्याला मानवते, अडचण मातीची आहे. फ्राइजला ७५ मिलिमीटरपेक्षा लांब, सरळ, उथळ डोळ्यांचा कंद लागतो. आपल्या भारी काळ्या रानात कंद वेडावाकडा होतो आणि काढणीला ढेकळांवर आपटून ठेचाळतो. उत्तर गुजरातच्या वाळूसर जमिनीत तो सरळ पोसतो. माझ्या मते द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात जबरदस्तीने बटाटा आणण्यात फारसा अर्थ नाही.

कारखान्यातली सगळ्यात गमतीची जागा कापणीची. पंपाने पाण्याच्या वेगवान झोतात एकेक बटाटा नळीतून फेकतात आणि तो स्थिर पात्यांच्या जाळीतून आरपार जातो. अमेरिकेतल्या गिल्बर्ट लॅम्ब यांनी १९६० च्या सुमारास ही युक्ती बसवली. कापण्याआधी वाफेच्या दाबाने साल निघते. कापल्यावर ७० ते ८५ अंशांच्या पाण्यात ब्लांचिंग होतं, त्यात वरची साखर धुऊन रंग सारखा येतो. मग गरम हवेने सुकवणं, १७५ अंशांच्या आसपास मिनिटभर अर्धवट तळणं आणि लगेच गोठवणं. पाणी आणि साल गेल्यामुळे एक किलो फ्राइजला साधारण दोन किलो बटाटा लागतो.

घरी करायचं तर ९-१० मिलिमीटर जाडीच्या काड्या कापून थंड पाण्यात दोनदा धुवा. एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा व्हिनेगर घालून ७५ अंशांवर दहा मिनिटं ठेवा. व्हिनेगरमुळे काडी मोडत नाही. कापडावर पूर्ण सुकवा, १६० अंशांवर मिनिटभर तळा, पसरून गार करा, गोठवा. खायच्या वेळी १८० अंशांवर तीन मिनिटं. सुकवण्यात घाई केली तर बाकीची मेहनत वाया जाते.

तयार पाकिटाचा नियम एकच: वितळू द्यायचं नाही. पिशवीत बर्फाचा चुरा किंवा काड्यांचे गोळे दिसले तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठलाय, घेऊ नका. फ्रायरची जाळी अर्धीच भरा. एक किलो गोठलेल्या फ्राइजला निदान सहा लिटर तेल हवं, नाहीतर तापमान कोसळतं आणि काडी तळली न जाता तेलात भिजते. मीठ फ्रायरवर धरून टाकू नका, त्याने तेल लवकर खराब होतं.

द्राक्षाचा रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, भरणाऱ्यांनी इथे एक फरक ध्यानात ठेवावा. द्राक्ष श्वास घेतं, म्हणून शून्याच्या आसपास थंड हवा खोक्यांच्या भोकांतून आतपर्यंत खेळवावी लागते. फ्राइज श्वास घेत नाहीत. त्यांची बिनभोकाची खोकी घट्ट चिकटवून रचतात, हवा फक्त ढिगाभोवती फिरते आणि तापमान उणे १८ राखते. द्राक्षासारखी फट ठेवून रचली तर प्रत्येक वेळी दार उघडल्यावर आलेली गरम हवा आत शिरते. दुकानातल्या डीप फ्रीझरलाही हेच लागू. तो गच्च भरलेला असेल आणि वीज गेल्यावर झाकण उघडलं नाही, तर बराच वेळ तग धरतो. अर्धा रिकामा असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून मोकळी जागा भरून टाका.