पावसाळ्यातले शिक्के

रानभाज्यांवरचे माझे पुस्तक २०२२च्या दिवाळीत निघाले, तेव्हा मी एका वहीत त्याची उद्दिष्टे लिहून ठेवली होती : हजार प्रतींच्या आवृत्तीपैकी पहिल्या वर्षी सहाशेंची विक्री, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत किमान एकेक व्याख्यान आणि दहा परीक्षणे. व्याख्याने झाली, परीक्षणेही सात आली. मात्र मार्च २०२३ अखेरच्या हिशेबात खप ३४० प्रतींचा होता आणि त्यांतल्या २५० एकाच ठोक ग्रंथालय-खरेदीत गेल्या होत्या. पुढच्या वर्षी केवळ ७१ प्रती गेल्या. उरलेल्या निम्म्या किमतीत काढून टाकाव्यात, असे प्रकाशकांनी सुचवले आणि मीही फोनवर होकार देऊन टाकला.

१७ सप्टेंबर २०२४ रोजी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनानंतर हिंगोली जिल्ह्यातील एका खेड्यातल्या 'ड' वर्ग, म्हणजे सर्वांत लहान श्रेणीतल्या, वाचनालयाने मला बोलावले होते. त्याच दिवशी अनंत चतुर्दशी असल्यामुळे कार्यक्रम लवकर आटोपला. निघता निघता मी ग्रंथपालांना, माझे पुस्तक आपल्याकडे आहे का, असे विचारले.

"आहे की मॅडम, पण पावसाळ्यात ते कपाटात सापडतच नाही. काल परत आलंय म्हणून दाखवता येतंय," असे म्हणून त्यांनी ते माझ्या हाती दिले.

शेवटच्या पानावर परतीच्या तारखांचे शिक्के मारण्यासाठी डकवलेला कागद मी वरून खाली वाचू लागले. एकूण एकवीस शिक्के होते. आठ २०२३च्या जून ते सप्टेंबरमधले, अकरा २०२४च्या त्याच महिन्यांतले, आणि मधल्या ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत अवघे दोन. कुर्डूच्या पानाला तेलाचा पारदर्शक डाग आणि हळदीचे बोट लागले होते. टाकळ्याच्या पानावर कुणीतरी शिसपेन्सिलीने मथळा खोडून वर 'तरोटा' असे लिहिले होते, आणि ते बरोबरच होते, कारण आमच्या भागात बहुतेक घरांत तेच नाव चालते. मी शहरी वाचक डोळ्यांसमोर ठेवून टाकळा लिहिले होते.

परतीच्या एसटीत माझा हिशेब कुठे चुकला ते उलगडत गेले. पहिल्या पावसानंतर तरोटा आणि कुर्डू उगवतात, करटुली श्रावणात येतात, आणि चैत्रात हे पुस्तक उघडण्याचे कारणच कुणाला नसते. मी मात्र ते दिवाळीत काढून मार्चअखेरीस, म्हणजे अजून एकही पावसाळा न पाहिलेले असताना, त्याला अपयशी ठरवले होते. शिवाय विकली गेलेली प्रत म्हणजे वाचली गेलेली प्रत, असे मी गृहीत धरले होते. त्या एका प्रतीचे खपाच्या रकान्यातले स्थान एकच आहे, पण ती एकवीस घरांतून फिरून आली आहे. उलट पुढच्या दोन महिन्यांत मी आणखी अकरा वाचनालयांत चौकशी केली, तेव्हा चार ठिकाणी शिक्क्याचा कागद कोरा निघाला. तेही मी वहीत नोंदवले, कारण नुसत्या चांगल्या नोंदी ठेवल्या तर मी पुन्हा त्याच भ्रमात राहीन.

त्या खेड्यातून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी प्रकाशकांना फोन करून निम्म्या किमतीचा होकार मागे घेतला आणि वर्षाचा हिशेब मला ३१ ऑक्टोबरलाही हवा, असे सांगितले. ते आधी नाराज झाले, पण शिक्क्यांचा फोटो पाहिल्यावर त्यांनी मान्य केले. वहीत आता विक्रीशेजारी 'देवघेव' असा रकाना आहे, आणि सहाशेच्या जागी मी वर्षाला शंभर प्रतींचे उद्दिष्ट ठेवले आहे. २०२५च्या मृगापूर्वी कळमनुरी, औंढा आणि वसमतच्या काही कृषी सेवा केंद्रांत प्रत्येकी दहा प्रती ठेवल्या, कारण बियाणे घ्यायला येणारा माणूस पुस्तकांच्या दुकानात सहसा जात नाही. ३१ ऑक्टोबरला ११८ प्रतींची विक्री झाली होती. पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवलेल्या प्रतीत टाकळ्याच्या मथळ्यावर मी पेनाने आधी 'तरोटा' लिहून घेतले आहे.