पॉइंट टू टू पिस्तूल अडकलं, की आधी काय बघायचं

आज पुण्यात बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर दिवसभर एकच विषय: स्वस्तातलं पॉइंट टू टू (म्हणजे 0.22 इंची गोळीचं) सेमी-ऑटोमॅटिक, दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारं पिस्तूल भरवशाचं असतं का? माझं ठाम मत, असतं. पण चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, साफ ठेवणाऱ्याच्याच हातात.

या पिस्तुलाच्या काडतुसातल्या शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. ते आणि जळक्या दारूची काजळी मिळून चेंबरच्या पुढच्या टोकाशी कडक थर बसतो. मग काडतूस पूर्ण आत जात नाही, काडतुसावर आपटून बार उडवणाऱ्या फायरिंग पिनचा जोर ते पुढे ढकलण्यातच संपतो आणि बार उडत नाही. काडतुसाच्या मागच्या कडेवर पिनची फिकट खूण दिसली, तर आधी चेंबर बघा. लोक उगाच स्प्रिंग बदलत बसतात!

रिकामी पुंगळी अडकत असेल तर एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) नखाखाली टूथपिक फिरवा, काळा चिकटा निघेल. मॅगझिन (काडतुसांची पेटी) भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढेच हवी, मागे राहिली की दोन्ही एकमेकांत अडकतात. मॅगझिनमध्ये तेल घालू नका, धूळ धरते. मनगट सैल असेल तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, पूर्ण मागे येत नाही, त्याचा दोष पिस्तुलाला देऊ नये.

बार उडाला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवा, 30 सेकंद थांबा, मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवा. लगेच स्लाइड ओढायची नाही. आणि डमी काडतुसाशिवाय कोरडा ट्रिगर दाबू नका, बऱ्याच मॉडेल्समध्ये पिन चेंबरच्या कडेवर आपटून खड्डा पाडते.