तुम्ही विचारलंत म्हणून : बाबांच्या कागदावरचा स्टार

"मग पेन्शन किती वाढली?"

बाबांच्या मेडलची गोष्ट निघाली की हा प्रश्न येतोच. लग्नाच्या पंगतीत येतो, हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलं की रांगेत येतो, परवा माझ्या भाच्याच्या सासऱ्यांनीही हाच विचारला. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या सर्व्हिस रेकॉर्डवर दोन मेडल चढवून घ्यायला मुलगी चौदा महिने कागद घेऊन फिरते, म्हणजे हाती काहीतरी पडणार असेलच, असं वाटणं साहजिक आहे. तर तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. पेन्शन एका रुपयानेही वाढली नाही. वाढणार नव्हती, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

परमवीर चक्र, वीर चक्र, सेना मेडल अशा शौर्यपदकांना भत्ता असतो, राज्य सरकारही रक्कम देतं. बाबांची मेडलं त्यातली नाहीत. ती सेवेची आहेत. अमक्या लढाईच्या वेळी हा माणूस अमक्या आघाडीवर होता, इतकी वर्षं त्याने नोकरी केली, एवढंच ती सांगतात. पण "एवढंच" म्हणताना माझी जीभ अडखळते, कारण माझी सगळी नोकरी या "एवढंच"मध्ये गेली.

मी तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सातबारा, फेरफार, वारसनोंद. महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती होते, त्याची प्रकरणं वर्षानुवर्षं माझ्या टेबलावरून गेली. रामाजीचा रामजी झाला, मधलं एक नाव गळलं, आठ आरची ऐंशी आर झाली. लिहिणाऱ्याच्या हातून एक काना सुटतो आणि पुढची पिढी त्यापायी चपला झिजवते. एक म्हातारे शेतकरी माझ्यासमोर हात जोडून म्हणाले होते, "बाई, बाप तर माहाच होता ना?" त्यांचं प्रकरण मी त्याच आठवड्यात वर पाठवलं. आणि माझ्याच घरात, पलंगाखालच्या लोखंडी पेटीत, माझ्या वडिलांची नोंद अर्धी पडलेली होती. मी कधी उघडून बघितलीच नव्हती.

ती बघायला लावली एका २६ जानेवारीने. नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी वर्षातून तीनदा उघडतो, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. बाबांना दरवर्षी तिथे जायचं असतं. कोटाला मेडलं लावून, काठी टेकत, चढ आपल्या पायांनी चढून. त्या वर्षी वर त्यांच्या पलटणीतले एक जोडीदार भेटले. दोघं बराच वेळ बोलत बसले. मग त्या काकांनी बाबांच्या छातीकडे बघून सहज विचारलं, "और तेरा स्टार?" बाबा म्हणाले, "नहीं मिला।" काकांच्या छातीवर पहिलंच होतं, पाच टोकांचं, मध्ये राजमुद्रा. पश्चिमी स्टार, १९७१ च्या लढाईत पश्चिम आघाडीवर असलेल्यांचं मेडल. उतरताना बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मेडलं रुमालात बांधून पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं. एरवी ते कुलूप कधी लावत नाहीत.

रात्री मी किल्ली मागून घेतली आणि डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, काढलं. कडा मऊ पडलेल्या, शिवणीला दोरा सुटलेला. मेडलच्या रकान्यात निळ्या-काळ्या शाईने पाच नोंदी होत्या : रक्षा मेडल, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल. पाचवीच्या खाली पट्टीने एक आडवी रेघ मारलेली होती. रकाना बंद. त्या रेघेकडे मी किती वेळ बघत राहिले. आमच्याकडे अशी रेघ मारली की पुढे काही लिहायला जागा नसते.

बाबा १९६३ साली भरती झाले. चीनच्या युद्धानंतर फौज वाढत होती, काटोलकडची कितीतरी पोरं तेव्हा गेली. १९८४ ला हवालदार म्हणून घरी आले. एकवीस वर्षं. म्हणजे वीस वर्षांच्या सेवेचं मेडल तर नुसत्या तारखांच्या वजाबाकीत सिद्ध होत होतं. ते पुढे फार कष्ट न पडता झालंही. खरी गोष्ट स्टारची.

डिसेंबर १९७१. बाबांची पलटण पश्चिम सीमेवर होती. रात्रीची हालचाल, गाड्यांचे दिवे बंद. बाबा ज्या ट्रकमध्ये होते तो कालव्याच्या कडेवरून घसरून उलटला. घोटा मोडला. तिथून फील्ड हॉस्पिटल, मग मोठं मिलिटरी हॉस्पिटल, आणि बरे होईपर्यंत पलटणीच्या स्ट्रेंथवरून, म्हणजे पटावरून, नाव उतरलेलं. पुढे पोस्टिंग दुसऱ्या युनिटमध्ये. स्टारसाठी याद्या तयार झाल्या तेव्हा जुन्या पलटणीत ते नव्हते, आणि नव्या युनिटला काय माहीत हा माणूस लढाईच्या दिवसांत कुठे होता? संग्राम मेडल मात्र मिळालं, कारण त्याची मुदत डिसेंबर १९७२ पर्यंत होती, ते नव्या युनिटच्या यादीतून लागलं. माणूस दोन याद्यांच्या मधल्या फटीत पडला. टंकलेखन यंत्र, खाली तीन कार्बन, शेकडो नावं. ज्या कारकुनाने ती यादी केली त्याच्यावर माझा राग नाही. मी त्याच खुर्चीत बसलेली आहे.

सकाळी बाबांना म्हटलं, आपण अर्ज करू. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मले ठाव हाये ना मी कुठी होतो ते. कागदाले कायले इचारतं?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या नातवाच्या पोराला कोण सांगणार?"

ते उठून अंगणात गेले. दुपारी स्वतःहून आपला आर्मी नंबर एका चिठ्ठीवर लिहून आणून दिला. नंबर मला पाठ होता, घरात सगळ्यांनाच पाठ आहे. पण त्यांनी तो लिहून दिला, म्हणजे परवानगी दिली.

आता दुसरा प्रश्न, जो फौजी घरातली माणसं विचारतात : जायचं कुठे? आपल्याकडे कामठी शेजारी असल्यामुळे पुष्कळांना वाटतं की सगळं कामठीत होतं. कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे, त्या जवानांचं रेकॉर्ड तिथे. बाकी ज्याची जी रेजिमेंट, त्याचं तिथे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. अर्ज थेट पाठवता येतो. पण मी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले, आणि तुम्हीही तसंच करा. माजी सैनिकांचा पत्रव्यवहार पुढे पाठवणं हे त्यांचं रोजचं काम आहे, कोणता कागद लागेल हे ते बघताक्षणी सांगतात.

माझा पहिला अर्ज परत आला. बाबांचं नाव मी आधार कार्डाप्रमाणे लिहिलं होतं, आडनावासकट. फौजेच्या कागदावर १९६३ साली भरतीच्या दिवशी जे सांगितलं आणि जसं ऐकलं गेलं तसं नाव आहे, आडनाव नाही, आणि एक अक्षर वेगळं. रेकॉर्डला तोच माणूस ओळखू येतो. आर्मी नंबर, हुद्दा, डिस्चार्ज बुकातलं नाव, भरतीची आणि निवृत्तीची तारीख : हे अक्षरशः तसंच उतरवायचं. शिवाय मी चार पानं लिहिली होती. किल्ला, काका, बाबांचं गप्प बसणं, सगळं. दुसरा अर्ज एका पानाचा केला. काय नोंदलं आहे, काय राहिलं आहे, कशाच्या आधारे राहिलं म्हणतो.

आधार. सगळं त्या शब्दावर येऊन थांबतं. आमच्याकडे फेरफार आधाराशिवाय होत नाही, फौजेतही नाही. तिथे शिपायाच्या आयुष्यात जे घडतं, लग्न, मूल, बढती, बदली, हॉस्पिटल, मेडल, ते पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटच्या लेखी आदेशाने, जाहीर होतं, आणि त्या ऑर्डरचा नंबर आणि तारीख घालून शीट रोलवर चढतं. शीट रोल म्हणजे त्या माणसाचा सातबाराच. पार्ट टू ऑर्डर निघाली नसेल तर ती गोष्ट कागदापुरती घडलीच नाही. म्हणून मी आधी माहिती अधिकारात, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, बाबांच्या शीट रोलची नक्कल मागवली.

नक्कल आली त्या दिवशी मी जेवणही विसरले. पुसट, तिरकी छायाप्रत. भिंग घेऊन ओळीमागून ओळ वाचली. १३ डिसेंबर १९७१ : हॉस्पिटलमध्ये दाखल. खाली, मार्चमधली नव्या युनिटची बदली. बाबा लढाईच्या दिवसांत त्या पलटणीत होते, तिथूनच हॉस्पिटलला गेले, हे त्यांच्याच कागदावर होतं. मेडलचं पान दोन पानांनंतर. पन्नास वर्षं पुरावा आणि चूक एकाच दोऱ्यात शिवलेले होते, कोणी दोन्ही पानं एकदम उघडली नव्हती.

दुसरा आधार आईने दिला. तिने बाबांची सगळी अंतर्देशीय पत्रं जपलेली आहेत, शालूच्या घडीत. त्यातलं एक हॉस्पिटलच्या आधीचं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं. पत्ता म्हणून पलटणीचं नाव आणि "मार्फत ५६ एपीओ". एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. फौजेच्या टपालात ५६ एपीओ म्हणजे पश्चिम-उत्तरेकडचं, ९९ एपीओ म्हणजे पूर्वेकडचं. वर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का, तारीख अजून वाचता येते. आत पाच-सहा ओळी. त्यातल्या तीन अशा : "इकडे थंडी फार आहे. कापसाचा दुसरा वेचा निघाला काय? बैलाच्या पायाचे काय झाले ते लिहावे." लढाईचा एक शब्द नाही. या पत्राची छायाप्रत मी अर्जाला जोडली. मूळ पत्र आईने हातातून सोडलं नाही, आणि ते योग्यच केलं. मूळ कागद कोणालाही, कधीही देऊ नका.

मध्येच एका ओळखीच्या माणसाने सुचवलं, घोटा मोडला ना, मग पराक्रम पदकही मागून टाका, कोण बघतं? त्यांना मी हात जोडले. ते पदक शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्याला असतं. बाबांचा ट्रक अंधारात घसरला होता. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते केवढ्यांदा ओरडले! "आपलं नाही ते आपलं कायचं?" ज्यांच्या अंगात खरोखर छर्रे आहेत त्यांच्या रांगेत खोटं उभं राहायचं, आणि वर म्हणायचं की आम्ही नोंद खरी करतोय? माझ्या मते अर्जाची ताकद यातच असते. जेवढं घडलं तेवढंच मागितलं, म्हणून पुराव्यावर आमचा कागद कुठे अडखळला नाही.

तरी चौदा महिने लागले. तीन स्मरणपत्रं, एकदा "मागील पत्र उपलब्ध नाही" म्हणून सगळं पुन्हा. मी प्रत्येक पत्राची पोच, स्पीड पोस्टची पावती, तारीखवार एका फाइलला लावत गेले. बाबा रोज पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर बसत. विचारलं की म्हणत, उन्हात बसलो.

उशीर करू नका असं मी सगळ्यांना कळवळून सांगते, त्यालाही कारण आहे. कागद कायमचे राहत नाहीत. ज्यांना पेन्शन नाही अशा जवानांची कागदपत्रं सुटल्यापासून पंचवीस वर्षांनी नष्ट केली जातात. उरतो फक्त लाँग रोल, म्हणजे जवानांची नोंदवही, त्यात मोजक्या ओळी. बाबांना पेन्शन होती म्हणून शीट रोल मिळाला. पाच-सात वर्षं नोकरी करून आलेल्यांच्या घरात तो आधार बहुतेक गेलेला असतो, मग घरातली पत्रं, फोटो, जोडीदाराचं लेखी निवेदन, यावरच भिस्त. पेटी आजच उघडा. फक्त मेडलच बघू नका, बायकोचं नाव आणि जन्मतारीखही बघा. मेडलने पैसा मिळत नाही, पण बायकोच्या नावातलं चुकलेलं अक्षर फॅमिली पेन्शन महिनोन्‌महिने अडवून ठेवतं.

पत्र आलं ते श्रावणात, पाऊस लागलेला होता. पार्ट टू ऑर्डरचा नंबर, तारीख, आणि दोन नोंदी. पश्चिमी स्टार. वीस वर्षांच्या दीर्घ सेवेचं मेडल. मी मोठ्याने वाचलं. बाबा म्हणाले, पुन्हा वाच. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी थांबवून नंबर विचारला, मी एकेक आकडा सांगितला, ते बोटावर मोजत गेले. मग नावाची अक्षरं. "बरोबर हाये," म्हणाले, आणि आईला हाक मारली.

डिस्चार्ज बुकातली ती रेघ मी तशीच ठेवली आहे. पत्र तिच्या खाली चिकटवलेलं नाही, मागे पाकिटात आहे. सरकारी पुस्तकात आपल्या हाताने काही करायचं नसतं.

गेल्या महिन्यात हिंगण्याहून एक बाई आल्या, कोणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून. स्टीलच्या डब्यात नवऱ्याचे कागद, वर कापूर ठेवलेला, कसर लागू नये म्हणून. नवऱ्याने नऊ वर्षं नोकरी केली, घर सांभाळायला मधूनच सुटून आला, पेन्शन नाही. मेडलचा रकाना कोरा. डब्यात एक फोटो आहे, बर्फात उभे असलेले चौघं, मागे हिंदीत जागेचं नाव आणि साल. आम्ही लाँग रोलच्या नकलेसाठी अर्ज टाकला आहे. उत्तर यायचं आहे.