फिश ऑइलने औषध सुटेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी जीवरसायनशास्त्र शिकवायचे हे शुभंकरांच्या, म्हणजे मनोरुग्णांची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, गटात कळल्यापासून हा प्रश्न ठरलेला आहे: "मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, ओमेगा-३च्या, म्हणजे माशांच्या तेलाच्या, गोळ्या देऊ का?" आणि जरा थांबून, आवाज खाली आणून, "मग औषध सुटेल का हो?" दुसऱ्याचं उत्तर आधी देते. सुटणार नाही.

मात्र यामागची कल्पना खुळी नाही. पाणी वगळलं तर मेंदूचा निम्म्याहून अधिक भाग मेदाचा असतो. पेशींच्या आवरणात डीएचए (ओमेगा-३ गटातलं मेदाम्ल) आणि अ‍ॅराकिडोनिक आम्ल ठासून भरलेलं असतं, आणि त्यांचा कच्चा माल, म्हणजे अल्फा-लिनोलेनिक आणि लिनोलेइक आम्ल, शरीराला बनवता येत नाही. तो खाण्यातूनच यावा लागतो. डेव्हिड हॉरोबिन या वैद्यकीय संशोधकाने १९७७ सालीच मांडलं होतं की या आजाराचं मूळ प्रोस्टाग्लँडिनच्या कमतरतेत असावं. ही संप्रेरकांसारखं काम करणारी द्रव्यं याच मेदाम्लांपासून तयार होतात.

हॉरोबिन यांच्या बाजूचा एक पुरावा मला फार आवडतो, कारण तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्वचेवर नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) लावलं की लाली चढते, ती अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून बनलेल्या प्रोस्टाग्लँडिनमुळे. स्किझोफ्रेनियाच्या बऱ्याच रुग्णांमध्ये ही लाली फिकी उमटते. पण त्यावरून ताटात काही कमी पडतंय असं ठरत नाही. आम्ल आवरणातून सुटण्यापासून रक्तवाहिनी रुंदावण्यापर्यंत मधे अनेक टप्पे आहेत, घोटाळा कुठेही असू शकतो. त्यात सिगारेटनेही रक्तातली ही मेदाम्लं घटतात, आणि या आजारात सिगारेट किती ओढली जाते ते घरच्यांना वेगळं सांगायला नको.

आता गोळ्यांचं. २००१ साली अमेरिकेत ८७ रुग्णांवर चाचणी झाली. चालू औषधांच्या जोडीला रोज ३ ग्रॅम ईपीए (माशांच्या तेलातलं दुसरं ओमेगा-३), १६ आठवडे. नकली गोळीपेक्षा काही फरक पडला नाही. मग २०१० मध्ये व्हिएन्नाहून बातमी आली. आजार अजून पुरता जडलेला नाही, पण चाहूल लागली आहे, अशा ८१ तरुणांना १२ आठवडे गोळ्या दिल्या होत्या. वर्षअखेर ओमेगा-३ घेतलेल्या ४१ पैकी दोघांना आजार जडला, नकली गोळीवाल्या ४० पैकी अकरा जणांना. आकडे वाचून मीही हरखले होते. हाच प्रयोग पुढे दहा केंद्रांत, ३०४ जणांवर झाला. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: फरक नाही. त्यात सगळ्यांनाच समुपदेशन मिळत होतं, आजार मुळातच थोड्यांना जडला, त्यामुळे गोळीला गुण दाखवायला वाव उरला नाही, असं काहींचं म्हणणं. मला ते निम्मंच पटतं. छोट्या चाचणीतला मोठा गुण मोठ्या चाचणीत विरणं काही नवं नाही.

मग देऊ की नको? द्यायच्याच असतील तर चालू औषधाच्या जोडीला, आणि मनोविकारतज्ज्ञांना सांगून. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय नकोच. बाटलीवर कॉड लिव्हर ऑइल लिहिलेलं असेल तर ती वेगळी वस्तू आहे. त्यात अ जीवनसत्त्व असतं, आणि ओमेगा-३ भरपूर मिळावं म्हणून चमचे वाढवत गेलात तर ते जास्त होऊन यकृताला बाधतं.