जाळीशिवाय हर्निया : आर्वी, वर्धा, नागपूर, पुणे

घरात कुणाचं जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय आणि पेशंट "जाळी नको" (म्हणजे कमकुवत जागेवर आतून कायमची लावतात ती कृत्रिम जाळी) म्हणून अडून बसलाय, अशांसाठी हे लिहितोय. आमचा पेशंट म्हणजे माझे भाऊजी. वय चोपन्न, आर्वी तालुक्यात कापूस आणि तूर. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ, उभं राहिलं की उतरते, निजलं की आपोआप आत जाते. त्यांच्या गावातल्या एकाला जाळी टाकल्यानंतर बरेच महिने बैलगाडीत चढताना टोचत राहिलं, ते यांनी रोज पाहिलं होतं. त्यामुळे म्हणणं एकच: "जाई (जाळी) आंगात टाकून मले जन्मभर खुपत रायली, त फवारा पाठीवर कोन घेईन?" १६ लिटरचा भरलेला पंप पाठीवर घेऊन कापसाच्या पराटीत दिवसभर चालणाऱ्या माणसाचा हा प्रश्न मला काही वेडगळ वाटला नाही.

निघण्याआधी हर्नियाच आहे ना, याची खात्री करा. आपल्या भागात हत्तीरोगामुळे अंडवृद्धीचे पेशंट पुष्कळ, आणि पारावरच्या निदानात दोन्ही एकाच खात्यात जमा होतात. आर्वीच्या सर्जननी खोलीतला लाइट बंद करून अंडकोशामागे टॉर्च धरला. पाणी साचलेलं असेल तर लालसर उजेड आरपार दिसतो, आतडं उतरलं असेल तर सहसा दिसत नाही. मग उभं करून खोकायला लावलं आणि जांघेत बोट ठेवून धक्का लागतो का ते पाहिलं. झालं निदान. सोनोग्राफी दरवेळी लागतेच असं नाही, पण वर्ध्याला गेलात की कुणीतरी लिहून देईलच.

घाई किती करायची तेही तिथेच विचारून घ्या. गाठ आत जाते, फार दुखत नाही, असं असेल तर थोडं थांबून जागा शोधायला वेळ मिळतो. गाठ कडक झाली, दाबूनही आत जाईना, दुखणं वाढलं, उलट्या सुरू झाल्या, तर मग जाळी की बिनजाळी हा विषयच संपला. तेव्हा जवळचं ऑपरेशन थिएटर गाठायचं, रात्र असो की दिवस. पुण्याचं तिकीट काढून ठेवलेलं असलं तरी.

आता जाळीबद्दल. भाऊजींच्या बाजूने भांडायला निघालो होतो खरा, पण वाचत गेलो तसा माझा आवाज जरा खाली आला. २०१८ मध्ये जगभरातल्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन संस्थेने जो आढावा काढला, त्याप्रमाणे साधारण ४६ जणांना जाळी टाकली की त्यातल्या एकाचा हर्निया परत येणं टळतं. म्हणजे जाळीचा फायदा खरा आहे, पण लोक सांगतात तेवढा प्रचंडही नाही. दुसरं असं, की जुनाट दुखणं ही एकट्या जाळीची मक्तेदारी नाही. जांघेतून तीन नसा जातात, आणि त्यातली एखादी टाक्यात सापडली तर बिनजाळीचं ऑपरेशनही तितकंच छळतं. हे मी भाऊजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून विषय पुन्हा होता तिथे आणून ठेवला.

शिवाय "जाळीशिवाय" ही काही एकच पद्धत नाही. सगळ्यात जुनी बासिनीची, इटलीतली, १८८० च्या दशकातली. ताण देऊन शिवतात, आणि ताण दिलेलं सुटतं. मग शोल्डाइस. कॅनडात टोरांटोजवळ त्यांचं फक्त हर्नियाचं हॉस्पिटल आहे, १९४५ पासून, आणि ते लोक थरावर थर शिवायला पोलादी तार वापरत आले आहेत. जाळीला भिणाऱ्या माणसाने तार आनंदाने घालून घ्यावी, याची मला गंमत वाटली. आणि तिसरी आपल्या पुण्याची. डॉ. मोहन देसरडांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली. पोटाच्या बाहेरच्या स्नायूचा जो चिवट पांढरा पडदा असतो, त्याचीच एक पट्टी दोन्ही टोकांना जोडलेली ठेवून कमकुवत जागेवर शिवतात. फाटक्या धोतराला त्याच धोतराचा काठ लावावा तसं. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर जाळी विरुद्ध देसरडा अशी चाचणी झाली, ती २०१२ मध्ये छापून आली. तीन वर्षांनी दोन्ही गटांत दोन-दोन जणांचाच हर्निया परत आलेला होता. तरीही २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत जाळी नको असेल तर पहिलं नाव शोल्डाइसचं आहे. देसरडाबद्दल पुरावा अजून थोडा आहे, असं त्यांचं मत. सर्जन या सूचनांवर बोट ठेवून "नाही" म्हणाले तर ते तुम्हाला फसवत नाहीत, एवढं ध्यानात असू द्या.

वर्धा जिल्ह्याची एक सोय भल्याभल्या जिल्ह्यांना नाही. सेवाग्रामचं कस्तुरबा आणि सावंगी मेघेचं विनोबा भावे, मेडिकल कॉलेजची दोन मोठी रुग्णालयं शहरापासून ऑटोच्या अंतरावर. यवतमाळ, अकोला, नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजं जुनी आहेत, चंद्रपूर-गोंदियालाही आता झालीत. कुठे काय ऐकलं ते नावानिशी लिहीत नाही, कारण युनिट बदललं की उत्तर बदलतं. पण उत्तरांचे प्रकार सांगतो. एके ठिकाणी "जाळी टाकत नाही असं कुणी करतं का आजकाल?" म्हणून केसपेपर परत दिला. एके ठिकाणी "करून देऊ ना" असं चटकन म्हणाले, आणि कोणती पद्धत विचारलं तर "बिनजाळीची" एवढंच. आर्वीचे सर्जन मात्र सरळ बोलले: "बासिनी शिकलोय, हातात आहे. देसरडा पाहिलाय, केलेला नाही. तुमच्यावर शिकणार नाही." या एका वाक्यावर मी त्या माणसाला मानतो. म्हणून सगळ्यात कामाचा प्रश्न हाच: तुम्ही स्वतः ही पद्धत किती जणांवर केली, आणि त्यातले किती वर्षभराने परत भेटले? पहिल्या भागाचं उत्तर सगळे देतात. दुसऱ्यावर जो थांबून विचार करतो, त्याच्याकडे बसा.

नागपूरला दुर्बिणीचा पर्याय पुढे आला. छोटी भोकं, लवकर घरी, हे सगळं खरं. पण मोठ्या माणसाच्या जांघेतल्या हर्नियात दुर्बिणीने करायचं म्हणजे जाळी आलीच, आणि बहुतेक वेळा पूर्ण भूलही. आणि इथे आमच्या विदर्भाचा लाडका खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, आडवा आला. भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, तोंड उघडा. तीन बोटं उभी मावायला हवीत, भाऊजींची जेमतेम दीड मावली. इतक्या वर्षांच्या सुपारीने गाल आतून चामड्यासारखे ताठ झालेले. पूर्ण भूल द्यायची तर श्वासनळीत नळी घालावी लागते, ती अशा तोंडातून घालणं जोखमीचं. मॅडमनी कागदावर लाल पेनाने लिहिलं आणि ताईकडे पाहिलं. ताई तिथे काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर बोलली, आणि बुटीबोरी येईपर्यंत बोलत होती. तुमच्याही घरात खर्ऱ्याचा गडी असेल तर भूलतज्ज्ञाची भेट आधी घ्या. उघडं ऑपरेशन पाठीतल्या इंजेक्शनवर होतं, काही ठिकाणी नुसत्या जागेवरच्या भुलीवरही, आणि आमच्यासाठी दुर्बीण बाद व्हायला एवढं कारण पुरलं.

दुर्बीण बाद, आणि आर्वीच्या सर्जननी देसरडा केलेला नाही. पुणं ठरलं ते यामुळे. देसरडा पद्धतीने वर्षानुवर्षं करणाऱ्या एका सर्जनकडे रिपोर्ट आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, फोनवर बोलणं झालं, मगच तिकिटं काढली. हे उलट क्रमाने करू नका. वर्ध्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस सरळ पुण्याला जाते, आझाद हिंदही आहे. जाताना कुठलाही बर्थ चालतो. येताना खालचाच हवा, कारण ताज्या टाक्यांवर वरच्या बर्थची शिडी चढता येत नाही. पुरुषांना खालच्या बर्थचा कोटा साठीनंतर, म्हणजे भाऊजींना नाही. आम्ही परतीचं तिकीट बरंच आधी काढलं आणि पसंतीत खालचा बर्थ टाकला, तरी मधला आला. डिस्चार्ज कार्ड दाखवल्यावर समोरच्या पोराने मुकाट्याने जागा बदलून दिली. पण त्या भरवशावर राहू नका, टीसीला गाडीत चढल्या चढल्या गाठा.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी जे बोलणं झालं ते सगळ्यात महत्त्वाचं होतं. सर्जन म्हणाले, ती पट्टी काढायची तर पडदा जाड आणि अखंड हवा. आत गेल्यावर तो विरविरीत निघाला तर देसरडा होणार नाही. मग काय करू? हा प्रश्न पेशंट शुद्धीत असताना सुटला पाहिजे, कारण नंतर ते दार लोटून बाहेर येतात आणि पायजम्यात बसलेल्या मेव्हण्याला विचारतात. भाऊजींनी बराच वेळ छताकडे पाहिलं. "शोल्डाइस जमन का तुमाले?" जमेल, म्हणाले. "मंग ते करा. आन् तेबी नाई जमलं त टाका जाई. पुन्हा उघडाले लावू नोका." संमतिपत्रावर हे तिन्ही पर्याय त्याच क्रमाने पेनाने लिहून घेतले, खाली त्यांची सही. छापील फॉर्मवर यासाठी रिकामी जागा नसते, समासात लिहा. शेवटी पडदा चांगला निघाला.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण शस्त्रक्रिया आणि रुग्णालय दोन्ही यादीत जुळावं लागतं. ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या खिडकीवर विचारा, गावातल्या पुढाऱ्याला नको. आम्ही खिशातून भरलं. अंदाजपत्रक घेताना भूलतज्ज्ञ, औषधं आणि नातेवाइकाचा पलंग त्यात धरलाय का ते लिहून घ्या. एका ठिकाणी आम्हाला सांगितलेला आकडा निव्वळ सर्जनचा निघाला होता. दवाखान्याच्या आसपास खोली आधी बघून ठेवा, कारण डिस्चार्ज झाल्यावर लगेच रात्रीच्या गाडीत बसू नये. एक-दोन मुक्काम तिथेच काढून, ड्रेसिंग दाखवून निघालेलं बरं.

महिना नीट निवडा. आम्ही कापसाचा वेचा संपून तूर घरात आल्यावर गेलो. त्याआधी माणूस मनाने शेतातच असतो. वैशाखात घामाने जखम चिघळते, आणि मृगाच्या तोंडावर केलं तर पेरणीचं ओझं उचलण्याचा मोह आवरत नाही. किती दिवस उचलायचं नाही याला प्रत्येक डॉक्टरचं वेगळं उत्तर मिळेल. आमच्यांनी चालायला दुसऱ्याच दिवशी लावलं आणि पंप, गाठोडं, डवरा यांना बरेच आठवडे हात लावू दिला नाही. कुंथणं आणि खोकला या दोन गोष्टी टाक्यांच्या वैरी. खोकताना जखमेवर उशी धरायची, बद्धकोष्ठाचं औषध न लाजता मागून घ्यायचं. लघवी पहिल्या रात्री अडू शकते. पाठीतल्या इंजेक्शननंतर ते होतं, घाबरून जाऊ नका, नर्सला सांगा.

पुणं लांब आहे हे परत आल्यावर कळतं. म्हणून निघण्याआधीच आर्वीच्या सर्जनना विचारून ठेवलं होतं, की पुढचं बघाल ना. काही डॉक्टरांना राग येतो, दुसरीकडे करून आलात म्हणून. हे हो म्हणाले, एका अटीवर: डिस्चार्ज कार्ड चालणार नाही, ऑपरेशन नोट हवी. ती मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आम्ही काउंटरवर बसून झेरॉक्स घेतली. कोणती पद्धत, पट्टी केवढी, धागा विरघळणारा की कायमचा, नसा दिसल्या का, सगळं त्यात आहे. हर्निया परत येतो तो कधीकधी बऱ्याच वर्षांनी येतो, आणि तेव्हा जो कुणी पोट उघडेल त्याला आधी काय शिवलंय हे कळायला हवं. भाऊजींची ती प्रत सातबाऱ्याच्या फायलीत लावून ठेवली आहे, मोबाइलमध्ये फोटोही आहे.