ड्युअलिस्ट पडला: उशिरा पोहोचणाऱ्या आवाजाचं प्रकरण

पडला एकदाचा ड्युअलिस्ट! एक्स्पिडिशन ३३ या गेममधल्या फरगॉटन बॅटलफिल्ड या भागाच्या टोकाला उभ्या असलेल्या या बॉस महाशयांनी, म्हणजे मोठ्या शत्रूने, माझ्या गेल्या पोस्टपासून माझं डोकं उठवलं होतं. त्यामुळे बॅकलॉग, म्हणजे खेळायच्या राहिलेल्या गेम्सचा ढीग, जवळपास हललाच नाही. सिल्कसाँग, ब्लू प्रिन्स वगैरेंबद्दल शेवटी थोडं लिहितो, पण आधी हे प्रकरण, कारण यात जे सापडलं ते पॅरीवाले (नेमक्या क्षणी बटण दाबून शत्रूचा फटका अडवायचे) गेम खेळणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

सेकिरो मी इशिन या शेवटच्या बॉससकट संपवलाय. नाइन सोल्समध्ये एइगाँग या बॉसच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत मजल गेलीय. म्हणजे पॅरी हाताला नवी नाही. तरी ड्युअलिस्टने तलवारीचा लांब कॉम्बो, म्हणजे फटक्यांची मालिका, सुरू केला की पहिला फटका लागायचा, दुसरा लागायचा, आणि शेवटचा, तो मुद्दाम थांबून मारतो तो, त्यात कोणीतरी आडवं व्हायचंच. हा गेम इथे फार हिशोबी आहे. प्रत्येक पॅरीला एपी (चाली वापरायचा पॉइंट) मिळतो आणि अख्खा कॉम्बो पॅरी केला तरच काउंटर, म्हणजे उलटा वार, बसतो. पाचातले चार अडवले तर चार एपी हातात आणि काउंटर शून्य. त्यात माझ्या टीममध्ये वर्सो नावाचं पात्र. त्याची परफेक्शन रँक मार खाल्ला की घसरते. म्हणजे चुकलेली पॅरी एचपी (जीव) खाते आणि पुढच्या टर्नचं डॅमेजही खाते.

सर्व्हायव्हर आणि सेकंड चान्स हे दोन्ही पिक्टो (मरणापासून वाचवणाऱ्या जोड-शक्ती) लावून दुसऱ्या टप्प्यापर्यंत जाता येतं, ते मी गेलोही. पण ते म्हणजे नुसतं मरण लांबवणं. लेव्हल वाढवून परत यायचा सल्लाही मिळाला होता. तसं करून बॉस पडतो, यात शंका नाही, पण मग पॅरी का बसत नव्हती हे कायमचं गुलदस्त्यात राहिलं असतं, आणि मला बॉसपेक्षा त्याचाच जास्त राग आला होता.

पहिला धागा टीव्हीचा. पीसी टीव्हीला जोडलेला आणि टीव्ही सिनेमाच्या मोडवर. मोबाइलवर २४० फ्रेम्सचा स्लो-मोशन व्हिडिओ काढला, चौकटीत पॅडही दिसेल आणि स्क्रीनही, असा. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत बघायचं: अंगठा बटणावर टेकतो, नखाचा रंग किंचित पांढरा होतो, बटण तळाला जातं, आणि मेन्यूतला कर्सर मात्र ढिम्म. तसाच. अजून तसाच. ३६ फ्रेम्सनंतर तो हलला. २४० च्या हिशोबात एक फ्रेम म्हणजे साधारण ४.१७ मिलिसेकंद, म्हणजे एकूण १५० मिलिसेकंद. ६० एफपीएसवर (सेकंदाला ६० फ्रेम्स) खेळताना याचा अर्थ असा की मी बघतोय ती तलवार ९ फ्रेम्स जुनी आहे.

टीव्ही गेम मोडवर टाकला आणि हाच आकडा १७ फ्रेम्सवर आला, म्हणजे ७० च्या आसपास. एवढा फरक पडतो तो मुख्यतः मोशन स्मूदिंगमुळे, म्हणजे टीव्ही चित्र गुळगुळीत करतो त्यामुळे. दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये एक बनावट फ्रेम घालायची तर पुढची खरी फ्रेम आधी हातात यावी लागते, आणि ती येईपर्यंत आधीची रोखून धरावी लागते. ग्राफिक्स ड्रायव्हरमधून चालू केलेल्या फ्रेम जनरेशनलाही हाच रोग आहे. कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा फुगतो, चित्र लोण्यासारखं सरकतं आणि हाताला मात्र सगळं जड लागतं. टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाल करायच्या, गेममध्ये काय फरक पडतो म्हणून मी ते चालू ठेवलं होतं. नुसता टर्न-बेस्ड असता तर नसता पडला. तेही बंद केलं, फ्रेम रेट ६० वर बांधला आणि विजयी मुद्रेने ड्युअलिस्टसमोर गेलो.

आणि आधीपेक्षा वाईट खेळलो.

अतिशयोक्ती नाही. आधी निदान सातत्याने उशीर व्हायचा. आता कधी खूप लवकर, कधी खूप उशिरा. पॅरी सोडून डॉजवर, म्हणजे फटका चुकवण्यावर, आलो. ही जुनीच युक्ती: डॉजला मुभा जास्त असते, आणि डॉज ‘परफेक्ट’ यायला लागला की पॅरीची वेळ सापडली असं समजायचं. तर माझं एकतर साधा डॉज, नाहीतर थेट मार. मधला परफेक्ट जवळपास गायबच. हात नुसते ढिले पडले असते तर चुका सगळीकडे विखुरल्या असत्या. इथे त्यांचे सरळ दोन ढीग पडत होते. म्हणजे मी दोन वेगवेगळ्या इशाऱ्यांवर बटण दाबत होतो, आणि ते इशारे एकमेकांशी जुळत नव्हते.

दुसरा इशारा आवाजाचा. या गेममध्ये फटक्यांना आवाजाचे संकेत चांगले दिलेत. तलवार हवेत उचलली जाते तेव्हाचा, ती सुटते तेव्हाचा. बरेच जण तर डोळ्यांपेक्षा कानांवरच पॅरी करतात, आणि ड्युअलिस्टसारख्या नुसत्या हात हलवून फसवणाऱ्या शत्रूपुढे ते बरोबरच आहे. माझा आवाज येत होता ब्लूटूथ हेडफोनमधून.

हेडफोन काढून ठेवले, आवाज पूर्ण बंद केला आणि मुक्याने खेळलो. पॅरी सुधारली! संकेत कमी करून खेळ सुधारतोय, हे बघून खात्रीच पटली.

मोजायचं कसं, तर त्याला एक फुकटचं मीटर बॅकलॉगमध्येच पडलेलं होतं: क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर. २०१५ चा गेम, ठेक्यावर चालायचा, म्हणून त्यात लेटन्सी (उशीर) मोजून जुळवायचं कॅलिब्रेशन दिलेलं आहे. ठेका ऐकायचा आणि त्यावर बटण दाबत राहायचं. आधी ब्लूटूथवर केलं, मग ड्रॉवरमधून काढलेल्या जुन्या वायरच्या इअरफोनवर. दोघांत साधारण १८० मिलिसेकंदांचा फरक. ६० एफपीएसला ११ फ्रेम्स. ब्लूटूथवर आवाज आधी कोडेकमध्ये (आवाज लहान करून पाठवायची पद्धत) आवळला जातो, तुकड्यातुकड्यांनी पाठवला जातो, आणि मध्ये खंड पडू नये म्हणून पलीकडे बफरमध्ये साठवला जातो. गाण्यासाठी उत्तम. व्हिडिओ बघतानाही कळत नाही, कारण प्लेअर चित्र मागे ओढून आवाजाशी जुळवून घेतो. गेमला ते करता येत नाही, तुम्ही बटण कधी दाबणार हे त्याला आधी माहीत नसतं.

आता गेम मोडने खेळ का बिघडवला ते बघा. पूर्वी चित्रही उशिरा, आवाजही उशिरा, आणि दोन्ही साधारण बरोबरीने. मेंदूने त्याची सवय करून घेतली होती, नेहमी थोडं आधी दाबायचं. गेम मोडने चित्र पुढे आलं आणि आवाज होता तिथेच राहिला. डोळ्यांवर भरवसा ठेवला तर हात जुन्या सवयीने लवकर पडायचा, कानांवर ठेवला तर उशिरा. दोन ढीग ते हेच.

मग सेकिरोत हे कधीच का जाणवलं नाही? तोही याच टीव्हीवर, याच हेडफोनवर खेळलो. यावर विचार केला आणि उत्तर सापडलं ते मला या सगळ्या भानगडीतलं सगळ्यात आवडलेलं. सेकिरोत डिफ्लेक्ट (तिथली पॅरी) आणि गार्ड (नुसतं आडवं धरणं) एकाच बटणावर आहेत. लवकर दाबलं आणि धरून ठेवलं तर डिफ्लेक्ट हुकतो, पण फटका गार्डवर येतो. पोश्चर, म्हणजे तोल जाण्याचं मीटर, वाढतं, एचपी शाबूत. सतत बडवत राहिलात तर डिफ्लेक्टची खिडकी आकसते, एवढीच शिक्षा. म्हणजे माझी लवकर दाबायची सवय सेकिरो पदरात घेत होता. नाइन सोल्समध्येही कच्ची पॅरी चालते, फक्त इंटर्नल डॅमेज, म्हणजे तात्पुरती जखम, बसतं आणि नंतर पुढचा मार चुकवला तर ते भरूनही येतं. एक्स्पिडिशन ३३ मध्ये गार्ड नावाची गोष्टच नाही. पॅरी बसली तर काहीच लागत नाही, हुकली तर पूर्ण फटका अंगावर. त्यामुळे सेटअपमधला उशीर बाकीचे गेम वर्षानुवर्षं झाकून ठेवतात आणि हा एखाद्या मोठ्या बॉसपाशी उघडा पाडतो. लोक म्हणतात की पॅरी ‘खूप टाइट’ आहे. असेल. पण टीव्ही आणि हेडफोन न तपासता हे म्हणण्यात अर्थ नाही.

वायरवर आल्यावर लगेच जिंकलो असं झालं नाही. लवकर दाबायची खोड मोडायला वेळ लागला. साध्या शत्रूंशी मुद्दाम हल्ला न करता लढलो, नुसत्या डॉज करत. आधी ‘परफेक्ट’ अधूनमधून, मग ओळीने. त्यानंतर ड्युअलिस्ट. त्याचा तो थांबून येणारा शेवटचा फटका: खांदा मागे जातो, सगळं थांबल्यासारखं वाटतं, पूर्वी मी इथेच बटण दाबून मोकळा व्हायचो. आता आवाजाची वाट बघितली. आवाज आला, दाबलं, ठण्ण, आणि तिघांनी एकदम काउंटर मारला. वर्सोची रँक एसला टेकलेली. दुसऱ्या टप्प्यात सेकंड चान्स वापरायची वेळही आली नाही. खुर्चीतून उठून एक चक्कर मारली.

हार्डवेअरबद्दल दोन शब्द. खोक्यावर ‘गेमिंग’ आणि ‘लो लेटन्सी’ छापलेलं असलं म्हणून हुरळून जाऊ नका. तो लो लेटन्सी कोडेक पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या दोन्ही बाजूंना असावा लागतो, नाहीतर जोडणी गुपचूप नेहमीच्या कोडेकवर उतरते आणि कोणी तुम्हाला सांगत नाही. पॅडच्या बाबतीत मात्र मी हॉल इफेक्ट स्टिकवाल्यावर खूश आहे. घासणारा संपर्कच नाही, त्यामुळे ड्रिफ्टची, म्हणजे स्टिक आपोआप सरकल्यासारखी वागण्याची, कटकट जवळपास नाही. मागची जादा बटणंही आता सार्थकी लागली: पॅरी आरबी या वरच्या उजव्या बटणावरून मागच्या बटणावर घेतली. तर्जनीपेक्षा मधलं बोट शांत असतं, निदान माझं.

आता बाकीचे, भराभर.

सिल्कसाँग: २०१९ ला जाहीर, ४ सप्टेंबर २०२५ ला आला, आणि हालचालीच्या बाबतीत वाट बघितल्याचं चीज झालं. हॉर्नेट ही नायिका चालवायला इतकी छान आहे की मरायलाही मजा येते, लास्ट जज या बॉसच्या रनबॅकपर्यंत (मेल्यावर परत बॉसपर्यंत जायची वाट). तिथे मजा संपते. एका फटक्यात दोन मास्क (इथला जीव मास्कमध्ये मोजतात) जाण्याबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. सुरुवातीला ५ मास्क, म्हणजे दोनाच्या हिशोबाने तिसऱ्या फटक्याला खेळ खलास. चार तुकडे गोळा करून सहावा मास्क मिळवला, तरीही तिसऱ्याच फटक्याला खलास! फरक पडतो तो सातव्याला. पहिल्या अपग्रेडचं बक्षीस बड्या शत्रूंपुढे जवळपास कागदोपत्रीच, हे मला डिझाइनमधलं कठोरपण वाटत नाही, नुसता कंजूषपणा वाटतो. बाइंडने, म्हणजे जखम भरायच्या चालीने, तीन मास्क एकदम परत येतात म्हणून ते खपून जातं.

ब्लू प्रिन्स बाजूला ठेवलाय. ४५ खोल्यांची जागा असलेल्या वाड्यात ४६ वी खोली शोधायची, ही कल्पना जबरदस्त. वहीत नोंदी करून खेळायचा गेम मला नेहमीच आवडतो. पण कोड्याचं उत्तर वहीत लिहिलेलं असताना हवी ती खोली ड्राफ्टमध्ये (दार उघडताना समोर येणाऱ्या पर्यायांत) येण्याची वाट बघत दिवसामागून दिवस घालवायचे, यात माझी ताकद कमी पडते. बॅलाट्रोबद्दल काही लिहीत नाही. एका माणसाने बनवलेल्या गेमने माझ्या बॅकलॉगचं जे केलंय ते सांगण्यासारखं नाही.

पुढचा बेत असा होता की एक्स्पिडिशन ३३ च्या सरळ तिसऱ्या अंकात घुसायचं, पेंटेड पॉवर हा पिक्टो लावून ९९९९ च्या डॅमेजची मर्यादा उडवायची आणि सिमॉन या सगळ्यात अवघड बॉसच्या नादी लागायचं. पण वरचं लिहितालिहिता डोक्यात आलं की एइगाँगपाशी मी अडकलो तोही याच ब्लूटूथवर. नाइन सोल्स कच्ची पॅरी पदरात घेतो, पण एइगाँगच्या फटक्यांच्या लांब साखळीत इंटर्नल डॅमेज साठत जातं आणि एका खऱ्या फटक्यात सगळं वसूल होतं. मी तिथे जेड (त्या गेममधल्या जोड-शक्ती) बदलून बघितले, तावीज या हल्ल्याची पद्धत बदलली, हेडफोन मात्र तेच. तेव्हा सिमॉन थांबेल. आधी एइगाँग, वायरवर, जेड जसेच्या तसे ठेवून, म्हणजे फरक कशाचा पडला ते कळेल.

आणि कोणाकडे २.४ गिगाहर्ट्‌झ डाँगलवाला वायरलेस हेडफोन असेल तर नेक्रोडान्सरच्या कॅलिब्रेशनमध्ये वायरशी तुलना करून फरक सांगा. वीस-तीस मिलिसेकंदांच्या आत असेल तर मी लगेच घेतो, कारण ही वायर सारखी खुर्चीच्या चाकाखाली येते.